विकत घेतलेल्या डिजिटल चित्रपटांची खाती सुरक्षित कशी ठेवावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन-तीन सेवांवर मिळून बरेच चित्रपट विकत घेतले आहेत, काही डिस्कसोबत आलेल्या कोडवरून खात्यात जमा केले आहेत, शिवाय मासिक सबस्क्रिप्शनची एक-दोन खाती आहेत. घरातले चार जण ती वापरतात. पासवर्ड मजबूत केला की भागते, की आणखी काही करायला हवे?

मजबूत पासवर्ड हवाच, पण कामाची सुरुवात तिथून करू नका. ज्या ईमेलवर ही खाती उघडली आहेत, त्या ईमेलपासून करा. जवळजवळ प्रत्येक सेवेत ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबले की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलवर येते. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची सगळी खाती.

दुसरे असे की ‘विकत घेतलेला’ चित्रपट म्हणजे तो पाहण्याचा परवाना असतो आणि तो तुमच्या खात्याच्या नावे नोंदलेला असतो. सबस्क्रिप्शनचे खाते हातचे गेले तर नवे उघडता येते, नुकसान महिन्याभराच्या पैशांचे. खरेदीचे खाते गेले तर वर्षानुवर्षांचा संग्रह जातो आणि तो दुसऱ्या खात्यात हलवून द्यायला सेवा सहसा तयार होत नाहीत. म्हणून सगळ्या खात्यांना सारखाच वेळ देऊ नका. ज्यात खरेदी आहे ती आधी घ्या.

खाती जातात कशी

कोणीतरी बसून तुमच्याच खात्याचे कुलूप फोडतो, असे क्वचितच घडते. नेहमीचा प्रकार वेगळा आहे. एखाद्या जुन्या फोरमचा किंवा खरेदीच्या साइटचा डेटा फुटतो, त्यातल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या बाहेर पडतात आणि मग सॉफ्टवेअर त्या लाखो जोड्या चित्रपटांच्या सेवांवर एकामागून एक लावून पाहते. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. शंभरातली एखादी जोडी चालली तरी हल्लेखोराचे काम होते, कारण चाललेली खाती घाऊक विकली जातात. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झाल्यावर काही दिवसांतच तिथली बळकावलेली खाती विक्रीला आली होती. २०२४ मध्ये टीव्हीवर चित्रपट पाहण्याची उपकरणे विकणाऱ्या रोकू या कंपनीने आधी सुमारे १५ हजार आणि नंतर सुमारे ५ लाख ७६ हजार खात्यांत असाच शिरकाव झाल्याचे जाहीर केले. कंपनीची यंत्रणा फुटलेली नव्हती. लोकांनी दुसरीकडे वापरलेलेच पासवर्ड तिथेही ठेवले होते. ४०० पेक्षा कमी खात्यांत चोरांनी साठवलेल्या पेमेंटवरून खरेदीही केली होती. त्यानंतर रोकूने सगळ्याच खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा मंजुरी) लागू केली.

या आकड्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. लाखो खाती उघडली गेली, पण पैशांची चोरी मोजक्याच ठिकाणी झाली. बाकी खात्यांत घुसलेला माणूस गप्प राहतो आणि फुकट चित्रपट पाहतो. त्यामुळे पैसे गेले नाहीत म्हणजे खाते सुरक्षित आहे, असे समजू नका. खुणा बारीक असतात: ‘पाहणे सुरू ठेवा’च्या ओळीत कोणीच न लावलेला चित्रपट, एखादे अनोळखी प्रोफाइल, आपोआप बदललेली सबटायटलची भाषा, न मागता वाढलेला प्लॅन, किंवा घरात एकच टीव्ही चालू असताना ‘एकाच वेळी फार उपकरणांवर पाहिले जात आहे’ असा संदेश. हा शेवटचा संदेश बरेच लोक तांत्रिक बिघाड समजून सोडून देतात, आणि ती सगळ्यात ठोस खूण असते.

ईमेलची तपासणी

ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू असावी, हे तर आहेच. त्यापलीकडे चार गोष्टी पाहा, ज्या बहुतेक लोक पाहत नाहीत.

पहिली, फॉरवर्डिंग आणि फिल्टर. मेलमध्ये शिरलेला माणूस बऱ्याचदा एक नियम लावून ठेवतो: अमुक सेवेचे मेल आले की परस्पर कचऱ्यात टाक किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठव. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ या दोन टॅबमध्ये तो दिसतो.

दुसरी, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल. बंद झालेला जुना नंबर तिथे असेल तर तो पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. तिसरी, आधीच लॉगिन असलेली उपकरणे आणि ज्यांना प्रवेश दिलेला आहे अशी बाहेरची अ‍ॅप्स. ओळखू न येणारे प्रत्येक नाव काढून टाका. चुकून आपलेच काढले गेले तर पुन्हा लॉगिन करावे लागेल, एवढेच.

चौथी गोष्ट सुरक्षेची वाटत नाही, पण संग्रह कायमचे जाण्याचे ते मोठे कारण आहे: तो ईमेल पत्ता नक्की कोणाचा? ऑफिसचा, कॉलेजचा किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा पत्ता वापरून खरेदी केली असेल, तर तिथले नाते संपले की पत्ता बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक कुठेच पोहोचत नाही. नोकरी सोडल्यावर हे सुधारणे फार कठीण जाते. पत्ता हातात आहे तोवर खात्यातला ईमेल बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. याच कारणाने, खरेदीसाठी वेगळा ईमेल काढला असेल तर तो नियमित उघडत राहा. न वापरलेले पत्ते सेवा बंद करतात, आणि काही सेवांनी बंद पत्ते नव्या लोकांना दिल्याचेही घडले आहे. याहूने २०१३ मध्ये तसे केले होते. गूगल दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकते. चित्रपटासारखी डिजिटल खरेदी केलेल्या खात्यांना त्यातून सूट आहे, पण ती सूट गूगलच्या खात्याला आहे. त्याच पत्त्यावर दुसऱ्या दुकानात खरेदी केली असेल, तर गूगलला ते कळायचा प्रश्नच नाही.

पासवर्ड, आणि रिमोटचा प्रश्न

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर, हा सल्ला जुना झाला तरी चुकीचा झालेला नाही. मॅनेजरचा एक कमी बोलला जाणारा फायदा असा की तो साइटचा पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकायच्या आधी पत्ता नीट वाचा. बनावट साइटवर पोहोचलो आहोत, हे कळण्याची ती सगळ्यात लवकरची वेळ असते.

चित्रपटांच्या खात्यांचे पासवर्ड दुबळे राहण्याचे खास कारण टीव्हीचा रिमोट आहे. पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून टाकताना लोक कंटाळतात आणि सोपा पासवर्ड ठेवतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे टीव्हीवर पासवर्ड टाकूच नका. टीव्ही दाखवतो तो क्यूआर कोड किंवा छोटा कोड फोनवरून मंजूर करा. दुसरा, टाकावाच लागला तर लांबी वाढवा आणि चिन्हे कमी करा. फक्त छोट्या इंग्रजी अक्षरांतली यादृच्छिक निवडलेली २० अक्षरे आणि मोठी-छोटी अक्षरे, अंक, चिन्हे मिसळलेली १४ अक्षरे यांची ताकद जवळपास सारखीच आहे. दोन्ही साधारण ९० ते ९५ बिट (बिट जितके जास्त, तितका पासवर्ड शोधून काढणे अवघड). रिमोटवर मात्र पहिला पासवर्ड टाकणे खूप सोपे, कारण कीबोर्डची पाने उलटावी लागत नाहीत. सेवा अंक आणि चिन्ह हवेच म्हणाली तर शेवटी एकेक जोडा. ‘यादृच्छिक’ म्हणजे मॅनेजरने निवडलेली. स्वतः सुचवलेल्या २० अक्षरांत नावे आणि तारखाच येतात.

मॅनेजरचा मुख्य पासवर्ड तोंडपाठ असावा लागतो. त्यासाठी ७,७७६ शब्दांच्या डाइसवेअर यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द पुरेसे आहेत. ती ताकद साधारण ७७ बिट होते. हा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवायला हरकत नाही. दूरवरचा हल्लेखोर तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलत राहायची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासून तशी सक्ती करू नये, असेच सांगितले आहे, कारण सारखे बदलायला लावले की लोक शेवटचा अंक तेवढा बदलतात. बदलायचा तो डेटा फुटल्याचे कळल्यावर, किंवा कोणाला सांगितलेला असेल तर. फुटल्याचे तपासायला ‘हॅव आय बीन पॉन्ड’ ही साइट आहे. तिथे ईमेल टाकून पाहता येतो. पासवर्ड तपासण्याच्या सोयीत पूर्ण पासवर्ड पाठवला जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण, तुमच्याच ब्राउझरमध्ये काढला जातो आणि त्याची पहिली पाच अक्षरे तेवढी बाहेर जातात.

दुसरा टप्पा: कोणता, आणि कुठे अडते

सेवा पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, देत असेल तर ती घ्या. पासकी त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही. तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. त्यानंतर ऑथेंटिकेटर अ‍ॅप, त्यानंतर एसएमएस. बऱ्याच चित्रपट सेवांत ईमेलवर येणारा कोड हाच एक पर्याय असतो. तो चालू करा, पण मग सगळा भार ईमेलवर येतो हे लक्षात ठेवा. एसएमएस सगळ्यात कच्चा समजला जातो, कारण तुमच्या नावाने दुसरे सिम काढून नंबर वळवता येतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा एसएमएस कितीतरी बरा. वर सांगितलेले घाऊक हल्ले त्याच्यापुढेही बहुतेक थांबतात.

ऑथेंटिकेटरमध्ये दोन गोष्टी हमखास अडतात. अ‍ॅप दर ३० सेकंदांनी सहा अंकी कोड काढते आणि तो फोनच्या घड्याळावरून काढते. घड्याळ मिनिट-दोन मिनिटे पुढे-मागे असेल तर बरोबर कोड टाकूनही ‘चुकीचा कोड’ येतो. फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवा. दुसरी अडचण फोन बदलताना येते: नवा फोन घेतला, जुना पुसून दिला आणि कोड जुन्यातच राहिले. जुना फोन पुसण्याआधी नव्या फोनवरच्या कोडने प्रत्येक खात्यात एकदा लॉगिन करून पाहा. सेवेने दिलेले बॅकअप कोड छापून ठेवा. गूगल एका वेळी आठ अंकी १० कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते फोटो काढून फोनमध्येच ठेवले, तर फोन हरवल्यावर त्यांचा काही उपयोग नाही.

उपकरणे: पासवर्ड बदलूनही उघडी राहणारी दारे

एकदा लॉगिन केलेल्या टीव्हीजवळ पासवर्ड नसतो, लॉगिनचे टोकन, म्हणजे ‘याला आत येऊ द्या’ असा साठवलेला पास, असतो. कित्येक सेवांत पासवर्ड बदलला तरी हे टोकन चालूच राहते. म्हणून पासवर्ड बदलताना ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय वेगळा शोधून दाबावा लागतो. काही सेवा पासवर्ड बदलताना तशी खूण करायला विचारतात, काहींमध्ये तो खात्याच्या सुरक्षा पानावर असतो. नेटफ्लिक्समध्ये ‘प्रवेश आणि उपकरणे’ अशा अर्थाच्या पानावर कोणते उपकरण शेवटचे कधी वापरले, हेही दिसते. बटण दाबल्यावर लांबचा टीव्ही त्याच क्षणी बंद होईलच असे नाही, थोडा वेळ जाऊ शकतो.

टीव्ही, स्टिक, गेम कन्सोल विकताना किंवा दुरुस्तीला देताना फॅक्टरी रीसेट करा आणि शिवाय वेबसाइटवरून ते उपकरण काढून टाका. दोन्ही करायचे, कारण बिघडलेला टीव्ही रीसेट होतच नाही आणि वेबसाइटवरून काढलेल्या उपकरणात वाय-फायचा पासवर्ड शिल्लक राहतो. आयट्यून्स किंवा अ‍ॅपल टीव्हीवरच्या खरेदीसाठी जास्तीत जास्त पाच संगणकांना अधिकृत करता येते. जुने संगणक न काढता टाकून दिले की हा कोटा भरतो. ‘सगळे काढा’ असे बटण आहे, पण ते वर्षातून एकदाच चालते, म्हणून संगणक देऊन टाकण्याआधी त्याच संगणकावरून अधिकार काढणे चांगले. हॉटेलच्या किंवा भाड्याच्या घरातल्या टीव्हीवर स्वतःचे लॉगिन टाळा. केलेच तर निघताना टीव्हीवरून आणि नंतर फोनवरूनही साइन आउट करा.

टीव्ही कोडने जोडण्याच्या पद्धतीतही एक सापळा आहे. टीव्ही कोड दाखवतो, तुम्ही फोनवर साइट उघडून तो टाकता आणि टीव्ही चालू होतो. आता समजा, कोणी फोन करून किंवा संदेश पाठवून ‘पडताळणीसाठी हा कोड टाका’ म्हणाले आणि तुम्ही टाकला, तर तुमच्या खात्यात त्याचा टीव्ही जोडला जातो. इथे दोन टप्प्यांची पडताळणी वाचवत नाही, कारण मंजुरी तुम्हीच दिलेली असते. आपल्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दिसणारा कोडच टाकायचा, दुसरा कोणताही नाही. आणि साइटचा पत्ता टीव्हीवर लिहिलेला असतो तसाच पत्त्याच्या पट्टीत टाइप करा, शोधून काढू नका. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींमध्ये ‘टीव्ही सक्रिय करून देतो’ म्हणणाऱ्या बनावट मदत केंद्रांचे नंबर असतात. ते सक्रिय करण्याचे पैसे मागतात किंवा संगणकाचा ताबा घेतात. नावाजलेल्या सेवा टीव्ही जोडण्याचे पैसे घेत नाहीत.

स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर खरेदीचे खाते कधीच उघडू नका. यातल्या काहींमध्ये कारखान्यातून निघतानाच मालवेअर (हानिकारक सॉफ्टवेअर) असते. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या अशाच जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बॉक्स गूगलने प्रमाणित केलेला आहे का, हे त्यातल्या प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’च्या नोंदीवरून कळते. संगणकावर हाच धोका क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, ‘फुकट प्रीमियम’ अ‍ॅप्स आणि ब्राउझर एक्स्टेन्शन्समधून येतो. ती ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, चोरतात. कुकी मिळाली की पासवर्ड आणि कोड दोन्ही न लागता खाते उघडते. चित्रपट उतरवून देणारी किंवा दुसऱ्या देशाचा कॅटलॉग दाखवणारी एक्स्टेन्शन्स ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ एवढा अधिकार मागतात. तेवढ्या सोयीसाठी हा अधिकार देऊ नये.

फसवे मेल

‘पेमेंट अयशस्वी झाले, २४ तासांत खाते बंद होईल’ हा जुना प्रकार अजूनही चालतो. नवा आणि जास्त घातक प्रकार खोट्या पावतीचा आहे: तुम्ही न घेतलेल्या महागड्या चित्रपटाची पावती येते आणि ‘रद्द करायला इथे फोन करा’ असे लिहिलेले असते. घाबरून फोन केला की पुढचे सगळे फोनवर घडते, म्हणून मेलचे फिल्टर तिथे कामी येत नाहीत. उत्तर एकच: मेलमधून कुठेही जायचे नाही. अ‍ॅप उघडून खरेदीचा इतिहास पाहायचा. तिथे नोंद नसेल तर पावती खोटी.

सेवा खरोखर बदलतात तेव्हा जास्त सावध राहावे लागते. अल्ट्राव्हायोलेट ही अनेक दुकानांची खरेदी एकत्र ठेवणारी यंत्रणा ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली, वूडू या चित्रपट विकणाऱ्या सेवेचे नाव २०२४ मध्ये ‘फँडँगो अ‍ॅट होम’ झाले, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये चित्रपट विकणे थांबवले. अशा वेळी ‘तुमचा संग्रह हलवा’ असे खरे मेल येतात आणि त्यांच्या आडून खोटेही येऊ शकतात. खरे मेल दुर्लक्षिले तर मुदत निघून जाते, म्हणून दुर्लक्ष हा मार्ग नाही. अ‍ॅपमध्ये किंवा स्वतः टाइप केलेल्या पत्त्यावर तीच सूचना दिसते का, हे पाहून पुढे जा. पत्ता वाचताना सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषा (//) सोडून पुढची पहिली तिरपी रेष (/) शोधा. तिच्या लगेच आधी जे नाव असते, ती साइट त्याची. त्याआधी कितीही ओळखीची नावे लिहिलेली असोत.

आणि एक सूचना. इनबॉक्समध्ये अचानक शेकडो न मागितलेली न्यूजलेटर येऊ लागली तर ती पुसत बसू नका. खरेदीची खरी पावती त्या ढिगाऱ्यात दडवण्यासाठी हे केले जाते. तुमच्या दुकानांची नावे एकेक करून शोधा.

पैसे आणि घरातले लोक

खरेदीच्या खात्याला मोठ्या मर्यादेचे कार्ड कायम जोडून ठेवू नका. गिफ्ट कार्डची शिल्लक किंवा कमी मर्यादेचे व्हर्च्युअल कार्ड ठेवले तर नुकसान तेवढ्यावर थांबते. ते गिफ्ट कार्ड मात्र अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. निम्म्या किमतीत मिळणारे कोड अनेकदा चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. दुकानाला ते कळले की शिल्लक जाते आणि कधी कधी खातेच गोठवले जाते. खरेदीसाठी पिन लावा. प्राइम व्हिडिओवर तो पाच अंकी असतो. प्रोफाइलचा पिन आणि खरेदीचा पिन बऱ्याचदा वेगळे असतात, एक लावला म्हणून दुसरा लागेलच असे नाही.

घरातल्यांना पासवर्ड सांगण्याऐवजी फॅमिली शेअरिंग वापरा. अ‍ॅपल आणि गूगल दोन्हींकडे मिळून सहा जणांचा गट करता येतो आणि प्रत्येक जण आपल्या खात्याने पाहतो. अ‍ॅपलमध्ये खरेदी सामायिक केली की सदस्यांच्या खरेदीचे पैसे आयोजकाच्या पेमेंटमधून जाऊ शकतात, म्हणून मुलांसाठी ‘विचारून खरेदी’ चालू करायला विसरू नका. सदस्य गटातून बाहेर पडला की इतरांनी घेतलेले चित्रपट त्याला दिसेनासे होतात. त्यामुळे महत्त्वाची खरेदी कोणाच्या खात्यावर करायची, हे आधीच ठरवा. मरणोत्तर व्यवस्थेतही हेच आड येते: अ‍ॅपलचा ‘लेगसी काँटॅक्ट’ (मृत्यूनंतर खाते पाहायला आधीच नेमलेली व्यक्ती) फोटो आणि कागदपत्रांपर्यंत पोहोचतो, विकत घेतलेल्या चित्रपटांपर्यंत नाही.

पुरावा आधीच जमवा

खाते गेल्यावर मदत केंद्राला ‘हे माझेच आहे’ असे पटवावे लागते आणि तेव्हा पुरावा त्याच खात्यात अडकलेला असतो. म्हणून आजच एक यादी करा: चित्रपट, दुकान, चित्राचा दर्जा, खरेदीची तारीख, ऑर्डर क्रमांक. जोडीला खाते कधी उघडले, आधी कोणते ईमेल वापरले होते, पैसे दिलेल्या कार्डाचे शेवटचे चार अंक आणि टीव्हीचा अनुक्रमांक लिहा. पावत्यांचे मेल पीडीएफ करून ईमेलबाहेर ठेवा. डिस्कमधले कोडचे कागद वापरून झाले तरी टाकू नका. मोठ्या कंपन्या तुमच्या खात्याचा सगळा डेटा मागितल्यावर देतात, त्यात खरेदीचा इतिहासही असतो. वर्षातून एकदा तो मागवून घ्या. या यादीत पासवर्ड लिहू नका.

खाते बळकावले गेलेच तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण घाईने त्याच संगणकावरून पासवर्ड बदलतात. त्यात मालवेअर असेल तर नवा पासवर्डही चोराकडे जातो.

१. दुसरे, स्वच्छ उपकरण घ्या. संशयित संगणक नेटवरून तोडा.

२. आधी ईमेल: पासवर्ड, सगळीकडून साइन आउट, मग फिल्टर, फॉरवर्डिंग आणि पर्यायी नंबर.

३. मग चित्रपटांचे खाते: पासवर्ड, सर्व उपकरणांवरून साइन आउट, दुसरा टप्पा. खात्यातला ईमेल किंवा फोन बदललेला आहे का, ते पाहा. ईमेल बदलला गेला असेल तर जुन्या पत्त्यावर सहसा त्याची सूचना येते आणि कधी कधी ‘हे मी केले नाही’ अशी लिंकही असते. ती खाते परत मिळवण्याची सर्वात जलद वाट असते. फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे याची खात्री करा.

४. अनोळखी प्रोफाइल, उपकरणे आणि ऑर्डरचे स्क्रीनशॉट घ्या, नंतरच ते काढा. आधी पुसले तर दाखवायला काहीच उरत नाही.

५. जोडलेली खाती तपासा. अमेरिकेत चालणाऱ्या मूव्हीज एनीव्हेअरसारख्या सेवेत अनेक दुकाने एकमेकांना जोडलेली असतात. तिथून एका दुकानाचे खाते तोडून चोराने आपले जोडले नाही ना, ते पाहा.

६. कार्ड काढून टाका आणि बँकेला कळवून ते ब्लॉक करा.

या शेवटच्या पायरीवर एक मोठी चूक होते. चोराने केलेल्या खरेदीचे पैसे परत मागायला लोक थेट बँकेत तक्रार करून व्यवहार उलटवतात. दुकानाच्या दृष्टीने ते थकीत खाते ठरते, आणि अनेक दुकाने असे खाते गोठवतात. एका चित्रपटाचे पैसे परत येतात आणि पूर्ण संग्रह अडकतो. म्हणून कार्ड लगेच ब्लॉक करा, पण पैशांची तक्रार आधी दुकानाच्या मदत केंद्राकडे लेखी द्या आणि तिचा क्रमांक घ्या. बँकेत व्यवहार उलटवण्याची मुदत किती दिवसांची आहे ते त्याच दिवशी विचारून ठेवा. दुकानाने नकार दिला किंवा मुदत संपत आली, तरच बँकेकडे जा. त्यानंतरची निदान दोन बिले ओळ न ओळ वाचा. चोराने चालू केलेले एखादे सबस्क्रिप्शन फुकटच्या महिन्यामुळे पहिल्या बिलात दिसत नाही.